चालणारा मोर्चा, बसणारा मोर्चा

मराठी वर्तमानपत्रांत एक वाक्य वर्षानुवर्षं छापून येतंय : 'मोर्चाचे नंतर जाहीर सभेत रूपांतर झाले.' इतकं सरावाचं, की वाचणाऱ्याची नजर त्याच्यावरून घसरते आणि लिहिणाऱ्याची बोटं ते डोक्याला न विचारता टाइप करतात. नागपुरात डेस्कवर बसून मीही ते बातम्यांमधून निमूट जाऊ देतो. पण त्यातलं 'रूपांतर' जरा निरखून बघावं असं आहे. माणसं तीच, झेंडे तेच, घोषणा त्याच, रिक्षावरचा भोंगाही तोच. फक्त पाय थांबले. तेवढ्यावर आपली भाषा जाहीर करते, की हा आता मोर्चा राहिला नाही. भाषणं सुरू झाली तर ती सभा, रस्त्यातच फतकल मारली तर ठिय्या, जेवण सोडलं तर उपोषण. मराठीत मोर्चा म्हणजे चालणं. चालणं संपलं की मोर्चा संपला.

हे इतकं उघड आहे की कुणी मुद्दाम सांगायला जात नाही. मला ते दिसलं पंजाबमुळे. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्राचे नवे कृषी कायदे मागे घ्या म्हणत पंजाब-हरियाणाचे शेतकरी दिल्लीच्या वेशीवर येऊन बसले आणि तिकडून रोज मजकूर येऊ लागला : सिंघूवर मोर्चा कायम, टिकरीवर मोर्चा कायम, पक्का मोर्चा. आमच्याकडे तेव्हा नवीनच लागलेल्या एका उपसंपादकाने दोन-तीन दिवस हे इमानेइतबारे मराठीत उतरवलं आणि मग मला विचारलं, "सर, हा मोर्चा निघून इतके दिवस झाले, पोचला कुठपर्यंत?" आमच्या हॉलमध्ये पलीकडच्या बाजूला हिंदी दैनिकाचं डेस्क आहे. तिथले लोक खो खो हसले. मला मात्र प्रश्न अगदी रास्त वाटला. मराठी माणसाने मोर्चाबद्दल दुसरं काय विचारायचं? कुठून निघाला, कुणावर गेला, कुठे अडवला.

शब्द आपला नाही, पंजाबचाही नाही. फारसीतला 'मोरचाल' म्हणजे किल्ल्याला वेढा घालणाऱ्यांनी तटासमोर खणलेला खंदक. 'मूर' म्हणजे मुंगी आणि 'चाल' म्हणजे खड्डा, अशी त्याची फोड करून दाखवतात. ती खरी असो-नसो, चित्र मात्र चपखल आहे. बखरींत आणि जुन्या पत्रांत मोर्चे 'लावले', मोर्चे 'बसवले' असे उल्लेख पावलोपावली येतात. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या फौजेने वसईला वेढा दिला तो मोर्चे आणि सुरुंगांच्या जोरावरच. तिथे तोफांच्या माऱ्याखाली वाळूत चर खणायचा, त्याच्या आडोशाला बसायचं, रात्री थोडं पुढे खणायचं, पुन्हा बसायचं. असं करत तटाच्या बुडाशी पोचायचं, सुरुंग ठासायचे. फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत हे चाललं आणि पोर्तुगीजांनी किल्ला सोडला.

म्हणजे मूळ मोर्चा दोन्ही होता. तो जागा धरून बसायचाही आणि बसल्या बसल्या शत्रूच्या दिशेने सरकायचाही. पुढे लढाई गेली, शब्द राजकारणात आला आणि त्याची वाटणी झाली. बसणं पंजाबकडे गेलं. सरकणं आपल्याकडे आलं. हिंदीने फौजेची रांग तेवढी उचलली.

पंजाबची वाटणी सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत कसदार. १९२० च्या दशकात गुरुद्वारे महंतांच्या आणि सरकारच्या ताब्यातून सोडवण्यासाठी अकाली शीख उभे राहिले, तेव्हापासून तिथल्या राजकारणाचा इतिहास मोर्चांच्या नावांनीच सांगतात. पहिल्या काहींतला एक 'चाब्यांचा मोर्चा'. अमृतसरच्या उपायुक्ताने नोव्हेंबर १९२१ मध्ये सुवर्णमंदिराच्या तोशाखान्याच्या, म्हणजे खजिन्याच्या, किल्ल्या काढून घेतल्या. लोक तुरुंगात जात राहिले. जानेवारी १९२२ मध्ये किल्ल्या परत द्याव्या लागल्या आणि गांधीजींनी तार केली, की हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याची पहिली निर्णायक लढाई जिंकली गेली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमृतसरजवळच्या 'गुरू का बाग'चा मोर्चा लागला. निमित्त म्हटलं तर क्षुल्लक. लंगरच्या चुलीसाठी बागेच्या जमिनीतली वाळकी लाकडं तोडली म्हणून पाच जणांना पकडलं. महंताचं म्हणणं, जमीन माझी. मग रोज अकालींचा जथा तिथे जाऊ लागला. हात न उगारण्याची शपथ घेऊन यायचा, लोखंडी शेंब्या लावलेल्या लाठ्या खायचा, पडायचा. दुसऱ्या दिवशी दुसरा जथा. गांधीजींचे इंग्रज स्नेही सी. एफ. अँड्र्यूज यांनी सप्टेंबरमध्ये हे डोळ्यांनी पाहिलं आणि ते हादरून गेले. पाच हजारांहून जास्त लोक तुरुंगात गेले, तेव्हा कुठे नोव्हेंबरात तिढा सुटला. जथे चालत जात होते हे खरं, पण मोर्चा म्हणजे ते चालणं नव्हे. बागेवरची ती जागा, जी एक दिवसही मोकळी सोडायची नाही, ती म्हणजे मोर्चा. खंदकातला शिपाई पडला की मागचा पुढे येतो, तसाच हा हिशेब.

पुढे जैतोचा मोर्चा तर १९२३ ते १९२५ चालला. नाभ्याचे महाराज रिपुदमन सिंग यांना इंग्रजांनी गादीवरून उतरवलं, त्यावरून तो सुरू झाला. तो बघायला गेलेल्या जवाहरलाल नेहरूंना सप्टेंबर १९२३ मध्ये संस्थानच्या पोलिसांनी बेड्या घालून कोठडीत टाकलं होतं. पंजाबी सुब्याचे, म्हणजे पंजाबी भाषकांच्या वेगळ्या राज्यासाठीचे, मोर्चे पन्नास-साठच्या दशकांतले. आणीबाणीत देशभर सामसूम असताना अकालींचा मोर्चा अमृतसरमधून चालूच होता. आणि १९८२ चा धर्मयुद्ध मोर्चा; त्याच्या पुढची दोन वर्षं कुठे जाऊन पोचली ते सांगायला नको.

या सगळ्या मोर्चांबरोबर येणारी क्रियापदं पाहिली तर कोशात डोकवायचं काम नाही. पंजाबीत मोर्चा 'लावतात', मोर्चावर 'डटतात' आणि शेवटी मोर्चा 'फतेह' होतो. आपण मोर्चा 'काढतो', 'नेतो'; तो 'धडकतो', 'अडवला जातो' आणि संध्याकाळी 'पांगतो'. जिंकलेला मोर्चा हा शब्दप्रयोग मी मराठीत वाचलेला नाही. मोर्चा यशस्वी होतो, म्हणजे गर्दी चांगली जमते.

हिंदीची तऱ्हा तिसरी. तिथे मोर्चा 'खोलतात', 'सँभालतात' आणि मुख्य म्हणजे 'बनवतात'. हिंदीतला मोर्चा ही संघटना असते. तिला अध्यक्ष असतो, कार्यालय असतं, लेटरहेड असतं, निवडणूक चिन्हसुद्धा असतं. झारखंड मुक्ति मोर्चा धनुष्यबाणावर निवडणुका लढवतो. आमच्या शेजारी दल्ली राजहराच्या खाणींत शंकर गुहा नियोगींनी उभा केला तो छत्तीसगढ़ मुक्ति मोर्चा. १९८९ साली व्ही. पी. सिंगांना पंतप्रधान करणारा राष्ट्रीय मोर्चा, १९९६ चा संयुक्त मोर्चा आणि दर निवडणुकीच्या आधी उगवणारा तीसरा मोर्चा. यांतला एकही मराठीत त्या नावाने आला नाही. आपण राष्ट्रीय आघाडी, संयुक्त आघाडी, तिसरी आघाडी म्हणालो. अनुवादकांनी बसून ठरवलं असेल असं मला वाटत नाही. मराठीत मोर्चा आधीच रस्त्यावर होता. त्याला मंत्रिमंडळात बसवायचं तर वाचक गोंधळला असता. आघाडीही मुळात फौजेतलीच, सैन्याची पुढची फळी, पण तिच्या पायात चपला घातलेल्या नव्हत्या.

बाकीच्यांचं सांगायचं तर बंगालीत रस्त्यावर निघतो तो 'मिछिल', आणि डाव्यांची आघाडी फ्रंट या इंग्रजी शब्दावरच चौतीस वर्षं राज्य करून गेली. त्याच डाव्यांनी २०२१ मध्ये काँग्रेस वगैरेंबरोबर जी मोट बांधली तिला मात्र संयुक्त मोर्चा म्हटलं. दार्जिलिंगमध्ये गोरखा जनमुक्ति मोर्चा, हिंदीच्याच वळणाचा. गोव्यात कोंकणीतला 'मोर्चो' आपल्यासारखाच चालतो. आणि उर्दूत, सीमेच्या दोन्ही बाजूंना, मोर्चा अजूनही वाळूच्या पोत्यांमागेच आहे : जिथे जवान बंदूक रोखून बसतो ती जागा.

हिंदी डेस्कवरच्या एका गोरखपूरकर सहकाऱ्याने यात आणखी एक भर घातली. त्याच्या गावी लोखंडाला गंज चढला की 'मोरचा लग गया' म्हणतात. "हमारे यहाँ तो मोरचा बैठे-बैठे ही लगता है," असं म्हणून तो आमच्या एका जुन्या कामगार संघटनेच्या दिशेने बघत हसला. मी त्याला चहा पाजला नाही.

अलीकडे हिंदी मोर्चा मराठीत मागच्या दाराने आलाय. भारतीय जनता पक्षाच्या शाखांची नावं युवा मोर्चा, महिला मोर्चा, किसान मोर्चा अशी आहेत आणि ती विशेषनामं असल्यामुळे बदलता येत नाहीत. त्यातून 'महिला मोर्चाचा तहसीलवर मोर्चा' असला मथळा तयार होतो. व्याकरणाने शुद्ध, कानाला विचित्र. डेस्कवर आम्ही तो 'महिला मोर्चाची तहसीलवर धडक' असा वळवून घेतो. वाहिन्यांवर तर 'अमक्याने तमक्याविरुद्ध मोर्चा उघडला' हेही ऐकू येतं. मोर्चा काय डबा आहे उघडायला? मराठीत आघाडी उघडतात. पण माझं हे म्हणणं आता आमच्या हॉलच्या बाहेर कुणी ऐकत नाही.

मराठी मोर्चाकडे यायचं तर त्याचं मर्म एका इवल्याशा प्रत्ययात आहे. आपण कचेरी'कडे' मोर्चा नेत नाही, कचेरी'वर' नेतो. विधान भवनावर मोर्चा, जिल्हा परिषदेवर मोर्चा, वीज कंपनीच्या कार्यालयावर मोर्चा. किल्ल्यावर चालून जावं तसं. खंदक गेला, तोफा गेल्या, 'वर' तेवढा राहिला. समोरची इमारत हा किल्ला आणि आत साहेब, हे चित्र इंग्रजांच्या काळातही चाललं, आजही चालतं. २१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत कौन्सिल हॉलवर जाणारा संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा फ्लोरा फाउंटनला अडवला आणि गोळीबार झाला. ज्या इमारतीवर निघाला होता तिथे तो पोचला नाही. तो जिथे अडला त्या चौकाचंच नाव पुढे हुतात्मा चौक झालं.

मराठी मोर्चाला आणखी एक खोड आहे : हातात काय घेतलं त्यावरून त्याचं बारसं होतं. रिकामे हंडे घेतले की हंडा मोर्चा, मशाली घेतल्या की मशाल मोर्चा, बैलगाड्या आणल्या की बैलगाडी मोर्चा, काहीच न बोलता चाललं की मूक मोर्चा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दुष्काळ आणि महागाईने घरं मेटाकुटीला आली, तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत मुंबईच्या बायका थाळ्या-लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. तो लाटणे मोर्चा. गंमत म्हणजे त्या बायकांच्या संघटनेला इंग्रजीत फ्रंट म्हणत. हिंदीत तिचा सहज मोर्चा झाला असता. मराठीत तिचं नाव महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती. बैठक घ्यायची ती समिती, लाटणं हातात आलं की मोर्चा. दोन कामं, दोन शब्द.

नागपूरकराला मोर्चा शिकवावा लागत नाही. नागपूर कराराने वर्षातलं एक अधिवेशन इथे ठरलं, आणि डिसेंबरात आमदारांच्या मागोमाग राज्यभरातून मोर्चे येतात. अंगणवाडीताई, आशा, विनाअनुदानित शाळांतले मास्तर, कोतवाल, पोलीसपाटील, हलबा, धनगर. यशवंत स्टेडियमवर जमायचं, तिथून निघायचं, आणि मॉरिस कॉलेज टी पॉइंटला किंवा टेकडी रोडवर पोलिसांच्या लोखंडी कठड्यांशी थांबायचं. कुठला मोर्चा कुठल्या पॉइंटला अडवायचा हे आधीच ठरलेलं असतं. आम्ही सकाळी त्याची यादी छापतो. कठड्याशी आल्यावर पंधरा मिनिटं घोषणा टिपेला जातात. मग पाच जणांचं शिष्टमंडळ आत नेतात. बाहेर लोक रस्त्यावरच बसतात, फडक्यातल्या पोळ्या आणि ठेचा निघतो, संत्रीवाले फिरू लागतात. कुणी नातेवाइकाला फोन लावून गर्दीचा आवाज ऐकवतो.

एकदा असाच मी बातमीदाराबरोबर टेकडी रोडला उभा होतो. अंगणवाडीच्या बायकांचं शिष्टमंडळ परत आलं. पुढची बाई काय घेऊन आली म्हणून सगळ्या उठून उभ्या राहिल्या. तिने हातातला कागद उंच धरला. मागून एकीने ओरडून विचारलं, "ताई, पोच घेतली काय?" घेतली होती. निवेदनाच्या दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का, त्यावर तिरकी सही आणि तारीख. तो कागद हातोहात मागेपर्यंत गेला. प्रत्येकीने शिक्क्यावरून नजर फिरवली. मग पिशव्या उचलल्या गेल्या, कारण चंद्रपूरची गाडी गाठायची होती. त्यातल्या आठ-दहा जणी काही उठेनात. "आश्वासन मागच्या साली बी होतं," एवढंच म्हणत कठड्याला पाठ लावून बसून राहिल्या. बातमीदाराने वहीत लिहिलं : मोर्चाचे ठिय्यात रूपांतर. आमच्याकडे ठिय्या म्हणजे रोजंदारीवाले सकाळी काम मिळण्याची वाट बघत उभे राहतात तो नाकाही. त्या बायकांना पाहून मला दोन्ही अर्थ एकदम आठवले.

इथेच आपला मोर्चा पंजाबच्या मोर्चापासून सुटा होतो. आपला मोर्चा भेटीला जातो. रागावून जातो, हजारोंनी जातो, पण जातो तो परतायच्या बोलीवर. दाराशी आवाज द्यायचा, कागद द्यायचा, पोच घ्यायची. म्हणूनच सरकारलाही तो पचतो. मुंबईत तर मंत्रालयावरचा मोर्चा गेली कित्येक वर्षं आझाद मैदानातच थोपवला जातो, आणि तरी बातमीत तो मंत्रालयावरच गेलेला असतो.

पण भेटीला गेलेले सगळेच परत येतात असं नाही. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाचा मोर्चा विधान भवनाच्या अलीकडे अडवलेला होता. अनुसूचित जमातीच्या सवलती मिळाव्यात ही मागणी. आत कुणीतरी भेटेल म्हणून माणसं, बाया, कडेवरची पोरं दिवसभर कठड्यांत कोंडल्यासारखी थांबली. मग लाठ्या चालल्या, पळापळ झाली आणि त्या चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले. झिरो माइलजवळ त्यांचं स्मारक आहे, जवळच्या उड्डाणपुलालाही त्यांचं नाव आहे. मागणीचं म्हणाल तर २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. नोव्हेंबरात लोक स्मारकावर येतात. त्या दिवशी आम्ही मोर्चा हा शब्द जरा जपूनच वापरतो.

आपला मोर्चा किती चालू शकतो याची हद्द २०१८ च्या मार्चमध्ये दिसली. किसान सभेचे शेतकरी, त्यांत बहुतेक आदिवासी, नाशिकहून ६ तारखेला निघाले आणि सुमारे १८० किलोमीटर पायी चालत मुंबईला आले. शेवटच्या रात्री ते सोमय्या मैदानावर मुक्कामाला होते. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर; आपल्यामुळे पोरांची बस चुकू नये म्हणून सोलवटलेल्या पायांनी ते रात्रीच निघाले आणि उजाडायच्या आत आझाद मैदानात पोचले. १२ तारखेला सरकारने लेखी आश्वासन दिलं, त्यांच्यासाठी खास रेल्वेगाड्या सोडल्या, मंडळी घरी गेली. त्याला लाँग मार्च म्हणाले. नाव चीनमधून आलेलं, पण मराठीत ते आधीच रुळलेलं : नोव्हेंबर १९७९ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी जोगेंद्र कवाडे यांचा लाँग मार्च आमच्या दीक्षाभूमीवरूनच निघाला होता. एका दिवसात न संपणाऱ्या चालण्याला मोर्चा म्हणायला मराठी जीभ कचरते, असं माझं आपलं निरीक्षण. नाशिकच्या शेतकऱ्यांना मात्र २०१९ मध्ये पुन्हा निघावं लागलं, २०२३ मध्ये पुन्हा. दोन्ही वेळा वाटेतच बोलणी झाली, पुन्हा लेखी आश्वासन, पुन्हा परत.

त्यांच्यातलेच काही जण डिसेंबर २०२० मध्ये गाड्या करून राजस्थान-हरियाणाच्या सीमेवर, शहाजहानपूरला, दिल्लीच्या आंदोलनात सामील व्हायला गेले. दिंडोरीकडच्या एका काकांशी मी तेव्हा फोनवर बोललो. त्यांना तिथल्या थंडीपेक्षा तिथल्या सामानाचं नवल वाटत होतं. "अहो, त्यांनी तर ट्रॉलीत संसार मांडलाय. गाद्या हायेत, कपडे धुवायचं मशीन हाये. एका सरदारजीनं विचारलं, तुमच्याकडं मोर्चा किती दिवस चालतो? मी म्हटलं, दिवस कुठले, आमचा दिवस मावळायच्या आत आटपतो. त्याला वाटलं मी मस्करी करतो." त्या मोर्चाने वर्ष काढलं. १९ नोव्हेंबर २०२१ ला कृषी कायदे मागे घेण्याची घोषणा झाली, तरी ते लगेच उठले नाहीत. संसदेने कायदे रद्द केले, उरलेल्या मागण्यांचं पत्र हाती आलं, तेव्हा ११ डिसेंबरला तंबू मोडून निघाले. परतताना ट्रॅक्टरांवर लिहिलं होतं ते मोर्चा फतेह. पोच घेऊन घरी जाणं त्यांच्या शब्दात बसतच नव्हतं.

मराठी मोर्चाही जागचा हललेला नाही असं नाही. कोपर्डीच्या घटनेनंतर ९ ऑगस्ट २०१६ ला औरंगाबादेत पहिला मराठा क्रांती मूक मोर्चा निघाला, मग जिल्ह्याजिल्ह्यांत. लाखोंची गर्दी, घोषणा नाही, भाषण नाही; पुढे मुली, निवेदन द्यायला मुलीच, आणि मागे रस्ता झाडत येणारी पोरं. त्याचं कशातच रूपांतर झालं नाही. राष्ट्रगीत झालं आणि लोक गेले. पण वर्षभरात बातम्यांत 'मराठा क्रांती मोर्चाचे समन्वयक म्हणाले' असं येऊ लागलं. जे चालणं होतं त्याला समन्वयक आले, बैठका आल्या, पत्रकं आली. आपला मोर्चा हिंदीच्या मोर्चासारखा खुर्चीवर बसला, आणि यात कुणाला काही वेगळं घडल्याचं जाणवलंही नाही.

जुना अर्थ मात्र घरात अजून खेळतो. 'मोर्चेबांधणी' निवडणुकीच्या आधी होते ती खंदक खणणाऱ्यांचीच. आणि पंगतीत श्रीखंड संपवून एखादा 'आता मोर्चा भज्यांकडे वळवला' म्हणतो, तेव्हा तो नकळत तोफेचं तोंड फिरवत असतो.

२९ ऑगस्ट २०२५ ला मनोज जरांगे मराठा आरक्षणासाठी आझाद मैदानात उपोषणाला बसले. अंतरवाली सराटीहून निघाले तेव्हा आमच्या पानावर ती कूच होती, वाशी ओलांडेपर्यंत क्वचित मोर्चाही होता. मुंबईत पोचल्यावर मात्र प्रकरण आमच्या शब्दांच्या बाहेर गेलं. मैदान भरून लोक रस्त्यांवर आले, सीएसएमटीच्या फलाटांवर झोपले, टेम्पोंमधून भाकरी-चटणी येत राहिली, रस्त्याकडेला चुली पेटल्या. परतायची घाई कुणालाच दिसत नव्हती. रस्ते मोकळे करा असं उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. २ सप्टेंबरला हैदराबाद गॅझेटचा, म्हणजे निजामाच्या काळातल्या नोंदींवरून मराठ्यांना कुणबी दाखले देण्याचा, शासन निर्णय हाती पडला तेव्हा उपोषण सुटलं.

त्या दिवसांत पहिल्या पानाच्या मथळ्यावरून आमच्यात रोज घोळ. उपोषण म्हणावं तर ते एका माणसाचं होतं. ठिय्या हा शब्द तेवढ्या गर्दीला तोकडा पडत होता. मोर्चा तर मैदानाच्या दारातच संपलेला. पलीकडच्या डेस्कवर गोरखपूरकराने कपाळाला आठी न घालता 'मराठा मोर्चा डटा रहा' असा मथळा लावला आणि घरी निघून गेला. त्याचा शब्द जास्त बरोबर होता हे मला दिसत होतं. आम्ही रात्री साडेअकरापर्यंत वाद घातला आणि 'आंदोलन' छापलं. त्यात काहीही बसतं.